जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्र

घरी सर्व्हर आहे असं म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात. सर्व्हर ही चीज बँकेत असते, रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे असते आणि आपला नंबर आला की ती 'डाऊन' होते, एवढीच तिची समाजातली ओळख. आमचा सर्व्हर त्या खानदानातला नाही. राजारामपुरीतल्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात, चपलांच्या रॅकशेजारी एक जुना डेस्कटॉप बसलेला असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. नुसता एक हिरवा दिवा लुकलुकतो. पावसाळ्यात गल्लीतलं मांजर येऊन त्याच्यावर झोपतं, कारण तो ऊबदार असतो. आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही, आरशासारखं. एक गेली तरी दुसरी आहे. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो, पोरीचे शाळेचे कागद, विजेची बिलं, आणि काकांचं सगळं.

हे 'काकांचं सगळं' म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर पुढची गोष्ट म्हणजे एका माणसाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि मग चालू झाला, एवढीच उरेल.

काका फोटोग्राफर. १९६० साली एकविसाव्या वर्षी त्यांनी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ काढला आणि १९९८ पर्यंत चालवला. याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, एका रोलात बारा फोटो. फिल्म मिळेल ती, बहुतेक वेळा पूर्व जर्मनीची ओर्वो, कधी उटीला बनणारी आपली इंदू. लग्नं, मुंजी, दहावीचे पासपोर्ट फोटो हे पोटापाण्याचं. पण काकांचा जीव खासबागेत. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं ते कुस्त्यांचं मैदान आणि काका यांचं काहीतरी नातं होतं. सलामी झडली की ते रिंगणाच्या कडेला मातीत पालथे पडून फोटो काढायचे. घरी आल्यावर काकू शर्ट धुताना काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर फक्त नंबर. कोणत्या नंबरात कोण, कधी, कुठं हे सगळं एका लांबड्या वहीत, शाईच्या पेननं. २०१७-१८ मध्ये मी त्यातल्या निवडक चार हजार एकशे निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या. दर रविवारी एक खोकं, असं वर्षभर चाललं होतं. वहीचं काही केलं नाही. वही काय, कपाटात होतीच.

मग २०१९चा ऑगस्ट आला. कोल्हापूरच्या माणसाला त्याबद्दल सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. कुंभार गल्ली तर अशा वेळी आधी बुडणाऱ्यांतली. काका-काकूंना बोटीतून बाहेर काढलं. सहा दिवसांनी घर उघडलं तेव्हा चिखलात लोखंडी ट्रंक, ट्रंकेत पाकिटांचा लगदा. ओल्या निगेटिव्ह घाईनं वाळवायच्या नसतात, वाळल्या की एकमेकींना कायमच्या चिकटतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सोडवायची असते. हे काकांना चांगलं ठाऊक होतं. ऐंशीचा म्हातारा बादल्या मांडून दोन दिवस पाण्यात हात घालून बसला. शे-दोनशे सुटल्या. बाकीच्यांवरचा जिलेटिनचा थर बोटाला लागून येत होता. वहीची पानं जवळजवळ सगळी होती, पण त्यांच्यावर फक्त निळे डाग होते.

फोटो स्कॅन केलेले होते, म्हणून वाचले. वही गेली, म्हणून नावं गेली. आता चार हजार एकशे फोटोंत कोण आहे हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस पुरानंतर आमच्याकडे राहायला आला होता.

(इथं जरा विषयांतर करतो. आमच्या गावाला या गोष्टीची वाईट सवय आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आज 'सैरंध्री' नाही. १९२५चा 'सावकारी पाश' नाही. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळला. १९२९ साली इथंच जन्मलेली प्रभात पुढं पुण्याला गेली, तर तिथल्या जुन्या आवारातल्या भांडाराला २००३च्या जानेवारीत आग लागून नायट्रेटची जुनी रिळं जळाली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो बघताना मला दर वेळी वाटतं की कॅमेऱ्याचं स्मारक झालं, रिळांचं काय? असो.)

तर २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्हाला काकांची दुपार मिळाली. माझं ऑफिस घरातच. जेवण झालं की टीव्हीवर एकेक फोटो लावायचा आणि काकांनी सांगायचं. शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. काका नाव सांगून थांबत नसत. "हा गुजरीतला सोनार. याच्या धाकट्याचं लग्न. जेवणात मीठ जास्त झालं म्हणून व्याही रुसला, तो हा, खांबाला टेकलाय बघ." एखादा फोटो आला की पाच मिनिटं गप्प. मग, "ही पापाच्या तिकटीची. पुढचं लावा." बायको म्हणायची, त्या 'पुढचं लावा'मध्ये एक कादंबरी असणार.

दुपारचं रेकॉर्डिंग संध्याकाळी आपोआप सर्व्हरवर जायचं आणि फोनवरून पुसलं जायचं. फोन छोटा, काका मोठे. एरवी सर्व्हरची एक प्रत ताईकडे पुण्यात असते. ती दिवाळीला आणि मे महिन्यात येते, डिस्क घेऊन येते, घेऊन जाते. शेवटची नेली ती फेब्रुवारीत. मे महिन्यात येणं झालंच नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता, आणि 'डिस्क बदलायची आहे' या कारणासाठी तो देतील असं आम्हा कुणालाच वाटलं नाही. म्हणजे फोटो पुण्यात सुरक्षित होते. मार्च ते जुलै या काळातली शहाण्णव रेकॉर्डिंगं, तेराशे बारा फोटोंची नावं, ती फक्त जिन्याखाली.

३१ जुलैला, शुक्रवारी सकाळी लाईट गेली. जुलैअखेरच्या कोल्हापुरात ही काही बातमी नव्हे. दोन तासांनी आली. फ्रिज चालू झाला, पंखे चालू झाले, कोनाड्यातला हिरवा दिवाही लागला. पण सर्व्हर काही घरात दिसेना. फोनवरून नाही, लॅपटॉपवरून नाही. शेवटी डबा उचलून टीव्हीजवळ नेला, केबल जोडली, कुठूनतरी कीबोर्ड शोधून काढला. काळ्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. पहिली: 'सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड'. दुसरी: 'ग्रब रेस्क्यू'. आणि पुढं लुकलुकणारी रेघ.

काका कोचावरूनच म्हणाले, "काय झालं रे?"

"बूट होत नाहीये."

"बूट होत नसंल तर कापशी घाल की."

कापशी म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पल, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी हसलो नाही. मग त्यांना पडद्यावरचं रेस्क्यू वाचून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "बोट येणार आहे का?"

हसू आलं नाही ते यासाठी की मला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. डिस्क गेली? दोन्ही? विजेचा झटका? पोटात खड्डा पडतो म्हणतात तो अगदी बरगडीखाली, डाव्या बाजूला पडतो, हे त्या दिवशी कळलं. ओळखीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुकान अर्धं बंद, पण भला माणूस, फोन उचलला. "आणून टाका सर, फॉरमॅट मारून देतो. एकदम नवीन होईल." मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांना मशीन चालू झाल्याशी मतलब असतो.

तर हा ग्रब कोण? कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा त्याला जवळजवळ काहीच कळत नसतं. जुन्या पद्धतीचं मशीन डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट तेवढे वाचतं. त्यातले ४४६ बाइट सूचनांसाठी, उरलेल्यात डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत त्याचा तक्ता आणि शेवटी एक खूण. ४४६ बाइटमध्ये काय मावणार? पोस्टकार्डावरचा मजकूर. त्यात एवढंच लिहिलेलं असतं की शेजारच्या खोलीत जा. शेजारच्या खोलीत, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, ग्रबचा गाभा बसलेला असतो. त्याला थोडं जास्त कळतं. तो खरी फाइल सिस्टिम वाचू शकतो, तिथं ठेवलेले आपले बाकीचे भाग मागवून घेतो आणि मग लिनक्सला उठवतो. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला हाक मारायची. पहाटे घरात आजी उठते, ती सुनेला उठवते, सून पोरांना, तसं.

दुपारभर लॅपटॉपवर वाचत बसलो तेव्हा कळलं की त्या सकाळी जगात मी एकटा नव्हतो. २९ जुलै २०२० रोजी एक्लिप्सियम नावाच्या सुरक्षा संशोधन कंपनीनं ग्रबमधलं एक भोक जाहीर केलं होतं. नाव ठेवलं होतं 'बूटहोल'. ग्रब आपली सूचनांची फाइल वाचताना एखादा शब्द वाजवीपेक्षा लांब निघाला तर तो ठरलेल्या जागेबाहेर सांडायचा, आणि त्या सांडण्याचा फायदा घेऊन 'सिक्युअर बूट' नावाचं कुलूप चुकवता यायचं. भोक बुजवायला बसलेल्यांनी मग सगळं घरच तपासलं आणि आणखी काही फटी बुजवल्या. त्यातली एक मला फार आवडली. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा गुणाकार करतो, इतके नग, प्रत्येकी इतकी जागा. गुणाकार फार मोठा झाला तर जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं होतं. ९९९९९च्या पुढं एक किलोमीटर गेलात की ०००००. मग प्रोग्रामला वाटतं थोडीच जागा पुरे, आणि तो हजार पानांची पंगत दोन सतरंज्यांवर बसवायला जातो. हे होऊ नये म्हणून गुणाकार आधी तपासणारा एक नवा कारकून नेमला. त्याचं नाव ग्रब_कॅलॉक.

गंमत अशी की सिक्युअर बूट हे कुलूप आमच्या मशीनला कधी नव्हतंच, इतकं ते जुनं. ज्या दाराला कडीसुद्धा नाही त्याची किल्ली बदलायला लोक आले आणि जाताना दार अडकवून गेले.

आता अडकलं कसं? त्याचं मूळ २०१८ मध्ये. २०१५ साली हा डबा जमवला तेव्हा सिस्टिम एका जुन्या १६० जीबीच्या डिस्कवर होती. तीन वर्षांनी ती एसएसडीवर हलवली. जुनी डिस्क धडधाकट होती, म्हणून पुसून तात्पुरत्या फाइलींसाठी आतच ठेवली. चालती वस्तू फेकायची नाही हा आमच्या घराण्याचा बाणा. लिनक्सच्या माझ्या आवृत्तीत मात्र एक नोंदवही असते. पहिल्यांदा सिस्टिम बसवली तेव्हा ग्रब कोणत्या डिस्कवर बसवला ते तीत डिस्कच्या नावानंबरानिशी लिहिलेलं असतं. घर बदललं, नोंदवहीतला पत्ता बदलला नाही. दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण दोन वर्षांत त्या पत्त्यावर कुणाला काही पाठवावंच लागलं नव्हतं.

३० जुलैच्या रात्री सुरक्षेचा अपडेट आपोआप उतरला. त्यानं एसएसडीवरच्या ग्रबच्या सगळ्या भागांची नवी आवृत्ती ठेवली. मग गाभा बदलायला नोंदवहीतला पत्ता बघितला आणि नवा गाभा जुन्या डिस्कवर नेऊन बसवला. सकाळी लाईट आल्यावर मशीन उठलं ते एसएसडीवरून. तिथला जुना गाभा जागा झाला, त्यानं आपले भाग हाकारले. भाग नवे. ते म्हणाले, ग्रब_कॅलॉकला बोलवा. जुना गाभा म्हणाला, या नावाचं इथं कुणी राहत नाही.

एवढंच. एवढ्यावर सगळं घर ठप्प.

पण हे वाचून कळणं वेगळं आणि छाती ठिकाणावर येणं वेगळं. दुपारी चारला मी पेन ड्राइव्हवर एक चालतं लिनक्स उतरवलं. असा पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की ते डिस्कवरच्या सिस्टिमला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच उठतं. मग दोन्ही मोठ्या डिस्कना जोडीनं उभं राहायला सांगितलं. ही आज्ञा टाइप करताना मी दोनदा वाचली, कारण हिच्या शेजारचीच एक आज्ञा 'नवी जोडी बनव' अशी आहे, आणि अशा वेळी घाबरलेल्या माणसाला ती जास्त शहाणपणाची वाटते. जोडी उभी राहिली. पडद्यावर चौकोनी कंसात दोन यू उमटले. दोन यू म्हणजे दोघीही हजर. एकीचा नंबर लागला नसता तर तिथं रेघ आली असती. मग त्या फक्त वाचण्यापुरत्या उघडल्या, लिहायची मुभाच ठेवली नाही, आणि 'काका' नावाच्या फोल्डरमध्ये गेलो. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै. सगळं जागच्या जागी. कधीच कुठं गेलेलं नव्हतं.

दुरुस्ती नंतर. आधी साडेतीन जीबीची ती शहाण्णव रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर घेतली, तिथून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. त्यातलं एक मधूनच कुठूनतरी लावून बघितलं. काकांचा आवाज आला, "...मागं उभा आहे तो कोण ते विचारू नकोस, त्याच्याकडं माझे चाळीस रुपये आहेत." आतून बायको म्हणाली, "आलं वाटतं." काका कोचावर डुलकी घेत होते ते स्वतःच्याच आवाजानं जागे झाले.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, नक्की झालं काय होतं? मी म्हटलं, काका, समजा कुणी तुम्हाला नवी किल्ली पोस्टानं पाठवली. पण पोस्टाच्या वहीत तुमचा पत्ता कुंभार गल्लीचाच राहिला. किल्ली तिकडं गेली, तुम्ही इकडं नव्या कुलपापुढं जुनी किल्ली घेऊन उभे.

काकांनी बशी खाली ठेवली. "मग जुन्या घरात जाऊन आण की."

मी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सगळं रीतसर दुरुस्त करायच्या तयारीत होतो. सात-आठ आज्ञांची यादी कागदावर लिहून घेतली होती. पण म्हातारा म्हणाला ते शब्दशः खरं होतं. नवा गाभा जुन्या डिस्कवर गेला होता, म्हणजे तो तिथं असणारच. आणि गाभा बसवताना त्याला हेही सांगितलेलं असतं की तुझे बाकीचे भाग अमुक ओळखक्रमांकाच्या कप्प्यात आहेत. तो कप्पा एसएसडीवरचा. मग त्याला तिथूनच हाक मारायला काय हरकत होती? मशीन बंद केलं, चालू करताना एफ१२ दाबून धरलं, यादीतली एसएसडी सोडून ती पुसलेली, अडगळीतली १६० जीबीची डिस्क निवडली आणि एंटर मारलं.

काळा पडदा. एक क्षण. मग ग्रबचा निळा चौकोन, आणि मग ओळींवर ओळी धावायला लागल्या. बावीस सेकंदांत सर्व्हर उभा राहिला. यादीतली एकही आज्ञा लागली नाही.

"आली?" काका म्हणाले.

"आली."

"मग."

या 'मग'वर कोल्हापुरात पुढं काही बोलायचं नसतं.

त्यानंतरचं काम दहा मिनिटांचं. ग्रब एसएसडीवर पुन्हा बसवला आणि नोंदवहीतला पत्ता बदलला. हे दुसरं महत्त्वाचं. नुसता ग्रब बसवला तर पुढच्या अपडेटला पुन्हा हेच. ज्यांच्याकडे असला जुना, हलवाहलव झालेला लिनक्सचा डबा आहे त्यांनी ही नोंद एकदा उघडून बघावी, पाच मिनिटं लागतात. जुनी डिस्क मात्र मी काढून टाकलेली नाही. तिला आता कुणी नावं ठेवायची नाहीत असं घरात ठरलं आहे.

आरशासारख्या दोन डिस्कचं माझ्या मनात फार कौतुक होतं, ते त्या दिवशी थोडं उतरलं. त्या एकमेकींसाठी होत्या. दाराशी काय झालं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, आणि दारच उघडलं नसतं तर दोन काय, दहा असून काही दिसलं नसतं. शिवाय आरशात चूकही तशीच उमटते. फाइल एकीवरून पुसली की दुसरीवरूनही जाते. म्हणून त्या रात्रीपासून काकांची रेकॉर्डिंगं दररोज इंटरनेटवरून ताईकडेही जातात. ती सोमवारी राखीपौर्णिमेला येऊ शकली नाही, राखी पोस्टानं आली. (बरोबर पत्त्यावर.) फोनवर म्हणाली, तुझी ओवाळणी म्हणून रेकॉर्डिंगं पाठव. तेव्हा चाळीस रुपयांचं ते रेकॉर्डिंग पहिलं पाठवलं.

आणखी एक गोष्ट केली, ती पोरीची कल्पना. तिनं एक लांबडी वही आणली आणि ऐकून ऐकून नावं लिहायला सुरुवात केली, नंबर, नाव, गाव, थोडक्यात हकीकत. शाईच्या पेननं लिहीत होती, तेव्हा काकांनी तिच्या हातून पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. पेन्सिल पाण्यात विरघळत नाही. पुराच्या चिखलातल्या त्या वहीत निळ्या डागांच्या समासात कुठं कुठं त्यांनी पेन्सिलीनं मांडलेले हिशेब होते, ते सगळे वाचता येत होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं होतं. त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

जुलै २०२१ मध्ये कुंभार गल्लीत पुन्हा पाणी शिरलं. तोवर ते घर रिकामं केलेलं होतं. काकांची दुपार त्यानंतर हळूहळू आठवड्यातून दोनदा, मग एकदा अशी विरळ झाली. डोळ्यांनी दिसणं कमी झालं. मग मी फोटोचं वर्णन करायचो, डावीकडे फेटेवाला, मध्ये मूल मांडीवर घेतलेली बाई, मागं दारावर तोरण, आणि काका डोळे मिटून म्हणायचे, "तोरण आंब्याचं आहे का कागदाचं?" कागदाचं म्हटलं की नाव यायचं. दर वेळी यायचं असं नाही, पण यायचं. २०२२च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा आम्ही ३२६८ नंबरापर्यंत आलो होतो.

उरलेल्या आठशे बत्तीस फोटोंसाठी आता आम्ही लोकांना घरी बोलावतो. रविवारी चहा असतो, टीव्हीवर फोटो असतात. गल्लीतली जुनी माणसं येतात, भांडतात, "हा तो नव्हे, हा त्याचा भाऊ." आतापर्यंत एकशे नव्वदएक लागले.

पण मागच्यांतलाही एक राहिलाय, नंबर १३१२. ३० जुलैच्या दुपारचा शेवटचा फोटो. खासबाग, साल १९७०च्या आसपास. सलामीचा क्षण, दोन पैलवान, डावीकडचा उंच, त्याच्या उजव्या कानाची पाळी मोडलेली. उजवीकडचं नाव काकांनी सांगितलं. डावीकडच्याबद्दल रेकॉर्डिंगमध्ये ते म्हणतात, "हा गंगावेस तालमीतला. नाव... थांब, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद होता, आणि नंतर विचारलं तर त्यांना काही केल्या आठवलं नाही. तुमच्या घरात त्या काळी कुणी गंगावेस तालमीत असेल, उंच, उजवा कान मोडलेला, तर एखाद्या रविवारी चहाला या.